खेळाडूंची पंगत : क्रीडा शिबिराच्या स्वयंपाकघराचा इतिहास

मे महिन्याच्या सुट्टीत आपल्या वस्तीतल्या मुलामुलींचे कबड्डी आणि खो-खोचे निवासी शिबिर भरते. त्याच्या स्वयंपाकघराची आणि पंगतीची जबाबदारी बरीच वर्षे माझ्याकडे आहे. स्मरणिका समितीने "त्यावर काहीतरी लिहा" म्हटले तेव्हा मी सांगितलं, नुसता अनुभव लिहायचा तर दोन पानांत संपेल, पण त्याच्यामागे इतिहास आहे तो लिहितो. गिरणीतली पाळी संपल्यावर वाचनालयात बसून जे वाचले, त्यातून हा लेख झाला आहे.

खेळाचा इतिहास म्हणजे पदकांची यादी, असा आपल्याकडे समज आहे. कोण जिंकलं, किती गुणांनी जिंकलं हे छापून येतं. त्या खेळाडूने सकाळी काय खाल्लं, कोणाच्या शेजारी बसून खाल्लं आणि ते शिजवलं कोणी, हे शोधायला गेलं तर फार हुडकावं लागतं.

सुरुवात आपल्या पुण्यापासूनच करू. बाळू पालवणकर हे चांभार समाजात जन्मलेले गोलंदाज. जन्म धारवाडचा, वडील फौजेच्या नोकरीत. पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, जाळी लावायची, असे काम बाळू करीत. साहेबांना सरावासाठी गोलंदाज पाहिजे असायचा, म्हणून त्यांच्या हातात चेंडू आला. डावखुरी फिरकी अशी की नाव शहरभर झाले. गोऱ्यांना हरवायचे तर हा माणूस आपल्या बाजूने पाहिजे, हे पुण्यातल्या हिंदू संघाच्या लक्षात आले आणि त्यांनी बाळूंना घेतले. मैदानावर सगळे त्यांनी टाकलेला चेंडू झेलत होते, उचलून परत देत होते. पण चहाची वेळ झाली की सवर्ण खेळाडू आत आणि बाळू बाहेर. त्यांचा चहा मातीच्या भांड्यात, जे नंतर फेकून द्यायचे. जेवायला ताट वेगळे, बसायची जागा वेगळी. बळी घ्यायला चालतो, ताट लावायला चालत नाही! ही शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची क्रीडा संघाची भोजनव्यवस्था होती.

पुढे बाळू मुंबईला आले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियन संघाला हरवले त्यात त्यांचा मोठा वाटा होता. तोपर्यंत मुंबईच्या हिंदू जिमखान्यात त्यांना इतरांबरोबर जेवायला बसवू लागले होते, आणि सुधारकांच्या वृत्तपत्राला ती लिहिण्याजोगी बातमी वाटली. १९११ साली ते भारतीय संघाबरोबर इंग्लंडला गेले आणि त्या दौऱ्यात त्यांनी शंभराहून जास्त बळी घेतले. तरी कर्णधारपद त्यांना शेवटपर्यंत दिले नाही. ते त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना १९२३ मध्ये मिळाले. १९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि पडले, एवढेच आपल्यातल्या पुष्कळांना त्यांच्याबद्दल ठाऊक असते. राजकारणात ते कुठे उभे राहिले यावर बोलावं जरूर, पण त्या मातीच्या भांड्याची गोष्ट पोरांना आधी सांगावी असं माझं मत आहे.

आता जरा दूर जाऊ. हजारो खेळाडूंना एका ठिकाणी ठेवून जेवू घालायची पद्धत ऑलिंपिकमध्ये १९३२ साली लॉस एंजेलिसला सुरू झाली. पहिले ऑलिंपिक ग्राम तिथले, पण ते फक्त पुरुषांसाठी होते, बायकांना हॉटेलात ठेवले होते. १९३६ साली बर्लिनजवळच्या ग्रामात तर जेवणाची एक प्रचंड इमारतच बांधली. प्रत्येक देशाचे भोजनगृह वेगळे, स्वयंपाक वेगळा, आणि कंत्राट एका जहाज कंपनीला. कारण जहाजावरच्या आचाऱ्यांना देशोदेशीच्या माणसांचे खाणे माहीत असते. ध्यानचंदांचा हॉकी संघ त्या ग्रामात राहिला. आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानेही त्याच वेळी बर्लिनला कबड्डी दाखवली. व्यवस्था चोख होती यात वाद नाही. पण ते हिटलरचे राज्य होते, आणि पाहुण्यांना चांगले जेवू घालणाऱ्या त्या सरकारने नंतर काय केले ते जगाने पाहिले. खेळ संपल्यावर ते ग्राम लष्कराकडे गेले. म्हणून मी बर्लिनवर फार लिहीत नाही.

मला आवडते ती १९४८ सालच्या लंडनची गोष्ट. महायुद्ध संपून तीनच वर्षे झाली होती. शहर बॉम्बने उद्ध्वस्त झालेले, खजिना रिकामा. रेशनिंग चालूच होते. पावावरचे रेशनिंग खेळ सुरू होण्याच्या काही दिवस आधी उठले, आणि सगळे रेशनिंग संपायला १९५४ साल उजाडले. अशा देशात ५९ देशांचे चार हजारांवर खेळाडू यायचे होते. नवे ग्राम बांधायला पैसा नाही, म्हणून पुरुषांना हवाई दलाच्या आणि लष्कराच्या छावण्यांत ठेवले, बायकांना कॉलेजांत. अंग पुसायचा टॉवेल ज्याचा त्याने आणायचा.

प्रश्न उभा राहिला की खेळाडूला किती खायला द्यायचे? साध्या नागरिकाला दिवसाला सुमारे २६०० उष्मांक मिळत होते. तेवढ्यावर कुस्ती आणि पळणे कसे होणार? तेव्हा सरकारने ठरवले की गोदी कामगार आणि खाणकामगार यांना जो जादा शिधा मिळतो, तोच खेळाडूंना द्यायचा. म्हणजे दिवसाला ५४६७ उष्मांक. वर रोज एक लिटरहून थोडे अधिक दूध आणि आठवड्याला पाव किलोच्या आसपास चॉकलेट-मिठाई. वाचकहो, ही गोष्ट वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो. जगातल्या उत्तमातल्या उत्तम खेळाडूच्या अंगाला किती अन्न लागते याचे माप त्यांनी कोणापासून घेतले, तर गोदीत पोती वाहणाऱ्या आणि खाणीत कोळसा फोडणाऱ्या माणसापासून. आमच्या खात्यात आठ तास उभ्याने साचे सांभाळणाऱ्या माणसाच्या डब्यात काय असते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

तेवढ्यानेही भागणार नव्हते. मग देशांनी आपापले जिन्नस आणले. डेन्मार्कने एक लाख साठ हजार अंडी पाठवली, हॉलंडने शंभर टन फळे आणि भाजीपाला, चेकोस्लोव्हाकियाने वीस हजार बाटल्या पाणी. अमेरिकेच्या संघाने पांढरे पीठसुद्धा विमानाने मागवले आणि उरलेले अन्न लंडनच्या इस्पितळांना दिले. नीट बघितलं तर ही आपल्याकडची शिध्याचीच पद्धत झाली. ज्याच्या घरी जे असेल ते त्याने आणावे, मांडव एक.

याच लंडनमध्ये १२ ऑगस्ट रोजी आपल्या हॉकी संघाने इंग्रजांना त्यांच्याच मैदानावर ४-० ने हरवले. आणि याच लंडनमध्ये कराड तालुक्यातल्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव पहिल्यांदा मॅटवर खेळले आणि सहावे आले. लंडनचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला होता. चार वर्षांनी हेलसिंकीला जायचे तर पुन्हा पैशाचा प्रश्न. गावाने वर्गणी काढली, त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचे घर गहाण टाकले. खाशाबांनी १९५२ मध्ये कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक. बक्षीस समारंभात हार घालणारे पुष्कळ निघतात. खुराकाचे पैसे देणारा मिळायला नशीब लागते.

त्याच हेलसिंकीत रशिया आणि त्याच्या गोटातले देश निराळ्या ठिकाणी उतरले होते, बाकी सगळे निराळ्या. राजकारणानेही पंगती वेगळ्या होतात त्या अशा.

टोकियोचे (१९६४) एकच सांगतो. जपानभरातून सुमारे तीनशे आचारी गोळा केले होते. एवढा भाजीपाला, मासे, मांस एकदम बाजारातून उचलले तर शहरातल्या गरिबाला भाव परवडणार नाही, ही काळजी होती. म्हणून त्यांनी माल आधीपासून थोडा थोडा घेऊन गोठवून ठेवला, आणि ताज्यात नि गोठवलेल्यात फरक कळत नाही हे चाखणाऱ्यांना आधीच दाखवून दिले. ते आचारी नंतर आपापल्या गावी गेले आणि ही विद्या देशभर पसरली. आपल्याकडे सोहळा संपला की कढया कुठे जातात ते विचारू नका.

मुंबईच्या गिरणगावात मात्र ही विद्या फार जुनी आहे, आणि ती बायांकडे होती. कोकण-घाटावरून आलेला गडी दहा-बारा जणांच्या खोलीत राहायचा आणि खाणावळीत जेवायचा. खाणावळवाली बाई चुलीपुढे बसून तीन पाळ्यांची माणसं सांभाळायची. कोण पहिल्या पाळीला, कोण रात्रपाळीला, कोणाचा उपास, कोणाची उधारी, सगळा हिशेब डोक्यात. गिरणगावातली कबड्डी याच अन्नावर वाढली. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या बायांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. १९८२ च्या संपात खाणावळी बसल्या, पण त्याआधी कित्येकींनी संपकऱ्यांना उधारीवर जेवू घातले होते. आपल्या शिबिरात स्वयंपाक सांभाळणाऱ्या दोन्ही ताई आईच्या खाणावळीत पोळ्या लाटत वाढलेल्या आहेत. मी नावाला व्यवस्थापक, अंदाज त्यांचा.

तो अंदाज लिहून ठेवतो, उद्या कोणाच्या कामी येईल. साठ मुलं धरली तर एका वेळेला तांदूळ सहा किलो, तूरडाळ अडीच किलो, पोळीचं पीठ नऊ किलो. किलोत पंचवीस ते तीस पोळ्या होतात, पण मैदानावरून आलेलं पोर घरी दोन खातं तर इथे चार खातं, हे विसरून चालत नाही. सकाळी सरावाआधी पोटभर काही द्यायचं नाही, एक केळं नाहीतर मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा. सराव संपल्यावर मोड आलेल्या मटकीची उसळ आणि उकडलेली अंडी. जी मुलं अंडं खात नाहीत त्यांना दूध किंवा जादा उसळ. तळलेलं फक्त शेवटच्या दिवशी. प्यायचं पाणी उकळून, आणि पिंपाला झाकण व लांब दांड्याचं ओगराळं. आत हात घातलेला दिसला तर मी ओरडतो, हे सगळ्या मुलांना माहीत आहे. ताटं धुवायला तीन टब : पहिल्यात खरकटं काढायचं, दुसऱ्यात साबण, तिसऱ्यात गरम पाणी.

वाढायची पाळी संघाप्रमाणे लावतो. हरलेल्या संघाला भांडी घासायची शिक्षा, अशी पद्धत काही ठिकाणी मी पाहिली आहे. ती आपण ठेवलेली नाही. भांडी घासणं शिक्षा झालं की घासणारी माणसं खालची ठरतात. आपल्याकडे जिंकलेला असो की हरलेला, मुलगा असो की मुलगी, तक्त्यावर नाव येईल त्या दिवशी टबाशी बसायचं. संघनायक शेवटी जेवतो. आणि वर्गणी आली नाही म्हणून कोणाचं ताट कमी करायचं नाही. वर्गणीची वही माझ्याजवळ असते, ती मी मुलांसमोर उघडत नाही.

बाहेरच्या स्पर्धांना पोरं घेऊन जातो तेव्हा उलटं चित्र दिसतं. एका ठिकाणी पाहुण्यांसाठी पंखे लावलेला मांडव होता, खुर्च्या होत्या, आणि खेळाडूंना दुपारी तीन वाजता थंड भात उभ्याने. आपल्या मुली दोन सामने खेळून आल्या होत्या. आयोजकांना विचारलं तर म्हणाले, कुपनं संपली.

आणि सप्टेंबर २०२२ मध्ये उत्तर प्रदेशात सहारनपूरला काय घडले ते सगळ्या देशाने पाहिले. राज्य पातळीची मुलींची कबड्डी स्पर्धा होती, सतरा वर्षांखालच्या मुली. त्यांच्या जेवणाचा भात आणि पुऱ्या शौचालयात फरशीवर ठेवलेल्या होत्या आणि मुली तिथून वाढून घेत होत्या. चित्रफीत बाहेर आली, क्रीडा अधिकाऱ्याला निलंबित केले, जागा नव्हती असा खुलासा झाला. त्या क्रीडासंकुलाला नाव बाबासाहेबांचे आहे. बाळू पालवणकरांना क्लबाच्या बाहेर चहा देणारे आणि या मुलींचा भात तिथे ठेवणारे, यांच्यात एका शतकाहून जास्त अंतर आहे, एवढाच काय तो फरक. शाळेतल्या पोषण आहाराच्या बाबतीतही स्वयंपाकिणीच्या जातीवरून मुलांना ताटावरून उठवल्याच्या बातम्या येत राहिल्या आहेत. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला की स्वयंपाकी नेमताना दलित, आदिवासींना प्राधान्य द्या.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या वस्तीतली मुलंही शिबिरात यायला लागली. पहिल्या दिवशी त्यातल्या एका मुलाच्या घरून डबा आला. मी काही बोललो नाही, डबा त्याच्यापुढे ठेवला. दुसऱ्या दिवशीही डबा आला. तिसऱ्या दिवशी त्याची वाढायची पाळी होती. साठ जणांना आमटी वाढून झाल्यावर तो मोकळं ताट घेऊन पंगतीत बसला, आणि डबा आमच्या ताईंनी संध्याकाळी धुऊन तसाच त्याच्या पिशवीत ठेवला. यंदा त्याची बहीण खो-खोत आहे.

यंदाच्या शिबिरासाठी नोंदणी वाढली आहे, म्हणून मोठा टोप आणि आणखी एक शेगडी लागेल. ज्यांच्याकडे लग्नकार्यातली मोठी भांडी पडून असतील त्यांनी एप्रिलअखेर विहारात आणून द्यावीत, बुडाला नाव घालून. अंड्यांचे ट्रे मात्र रोजच्या रोज सकाळी घेणार आहोत, उन्हाळ्यात साठवायचे नाहीत असं ताईंनी बजावलं आहे.