वाकडे अंगण आणि तीन गावांची माणसे

'नाचता येईना, अंगण वाकडे' ही म्हण आपल्या घराघरांत अजूनही बोलली जाते. उर्दूतही ती जवळजवळ याच शब्दांत आहे. १९८४ साली पाकिस्तान टेलिव्हिजनने 'आंगन टेढा' ही विनोदी मालिका दाखविली, तिचे नाव या म्हणीच्या उत्तरार्धावरून घेतलेले होते. मालिकेतील गृहस्वामी महबूब अहमद यांची भूमिका करणारे ज्येष्ठ अभिनेते शकील यांचे २९ जून २०२३ रोजी कराचीत निधन झाले. त्यांचा जीवनपट पाहू लागलो की वाटेत आपल्या परिचयाची गावे भेटतात.

शकील यांचे मूळ नाव युसूफ कमाल. जन्म २९ मे १९३८, भोपाळ. नवाबांचे भोपाळ संस्थान १९४९ मध्ये भारत सरकारच्या ताब्यात आले आणि १९५२ च्या सुमारास हे कुटुंब कराचीला गेले. चौदा वर्षांचा मुलगा गाव सोडतो तेव्हा सामानात फारसे काही नेत नाही. पण तेथले बोलणे आणि अदब त्याच्या अंगात मुरलेली असते. पुढे हेच शकील यांचे भांडवल ठरले. १९६६ च्या 'होनहार' या चित्रपटाने ते पडद्यावर आले. मात्र त्यांचे खरे घर झाले ते दूरचित्रवाणी.

कराचीचे दूरचित्रवाणी केंद्रही १९६६ मध्येच सुरू झाले. त्या केंद्राला दोन लेखिकांनी घडविले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. एक कानपूरच्या हसीना मोईन आणि दुसऱ्या हैदराबाद दख्खनकडच्या फातिमा सुरय्या बजिया. हसीना मोईन यांच्या 'अंकल उर्फी' या मालिकेने १९७२ मध्ये शकील यांना घरोघरी पोहोचविले. १९८२ च्या 'अनकही' मध्ये ते तैमूर अहमद या मोठ्या उद्योजकाच्या भूमिकेत होते. त्यांचा अभिनय आरडाओरडीचा नव्हता. संयत स्वर, स्वच्छ उच्चार आणि समोरच्या पात्राचे वाक्य खरोखर ऐकण्याची सवय ही त्यांची वैशिष्ट्ये होत.

'आंगन टेढा' चे लेखक अन्वर मकसूद हे बजियांचे धाकटे बंधू, जन्माने हैदराबादचे. महबूब अहमद आणि जहाँआरा हे बेताच्या प्राप्तीचे, अपत्यहीन जोडपे. जहाँआरा झाल्या होत्या बुशरा अन्सारी. त्यांच्या घरी अकबर नावाचा नोकर आहे. तो मूळचा कथक नर्तक. नृत्यसंस्था बंद झाली म्हणून तो आता स्वयंपाकघरात भांडी घासतो. ही भूमिका सलीम नासिर यांनी केली आणि ती अजरामर झाली. त्यांचा जन्म १९४४ चा, आपल्या नागपूरचा!

म्हणजे लेखक हैदराबादचा, घरधनी भोपाळचा आणि नोकर नागपूरचा. कराचीच्या त्या लहानशा घरात ही तीन गावे एकत्र नांदत होती.

आता म्हणीकडे पुन्हा वळू. ज्याला नाचता येत नाही तो अंगणाला दोष देतो, असा तिचा अर्थ. अकबराची गोष्ट नेमकी उलटी आहे. त्याला नाचता येते. अंगणच वाकडे झाले आहे. जुलै १९७७ मध्ये जनरल झिया उल हक यांनी सत्ता घेतल्यानंतर नृत्यकलेवर राजसत्तेची वक्रदृष्टी झाली. नाहीद सिद्दीकी यांचा 'पायल' हा नृत्यविषयक कार्यक्रम १९७८ मध्ये बंद पाडला गेला आणि त्यांना देश सोडावा लागला. अशा काळात, सरकारच्याच दूरचित्रवाणीवर, चहाचा ट्रे हातात घेऊन ठुमकत येणारा नोकर प्रेक्षकांना हसवीत होता. त्या हसण्यामागचे दुःख ज्याला कळायचे त्याला कळत होते. शकील यांचे श्रेय येथेच आहे. महबूब अहमद अकबराशी बोलतात ते घरातल्या माणसाशी बोलावे तसे. नायकाने आपला प्रकाश दुसऱ्यावर पडू द्यावा, ही गोष्ट सोपी नाही.

सलीम नासिर १९८९ मध्ये पंचेचाळिशीही न गाठता गेले. शकील यांना दीर्घायुष्य लाभले. १९९८ च्या 'जिना' चित्रपटात त्यांनी लियाकत अली खान यांची भूमिका केली, तर त्यापूर्वी १९९२ मध्ये राष्ट्रपतींचा 'प्राइड ऑफ परफॉर्मन्स' हा सन्मान त्यांना मिळाला होता.

ऐंशीच्या दशकात या मालिकांच्या ध्वनिचित्रफिती भारतातही हातोहात फिरत असत. ज्यांनी त्या पाहिल्या त्यांना ती माणसे परकी वाटली नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या मुलखाबाहेर राहिलेल्या आपल्यासारख्यांना याचे कारण सांगायला नको. आपले पूर्वज पेशव्यांच्या वा संस्थानिकांच्या चाकरीनिमित्त आले, ते फाळणीच्या वणव्यातून गेले. दोहोंची तुलना होऊ शकत नाही. पण गाव सुटल्यावर भाषा जपावी लागते, ती आपोआप टिकत नाही, हा अनुभव दोघांचाही आहे. शकील यांनी ती सत्तर वर्षे जपली, आणि जपताना तिच्यात नोकरालाही बसायला जागा ठेवली. आपल्या घरातली मराठी आपण तशी ठेवली आहे का, हे एकदा पाहायला हवे.