संवादाची सक्ती आणि सव्वीस विधानं

रुग्णाशी बोलायला शिकावं असं भावी डॉक्टरला मुळात वाटतं का, हे विचारायला वैद्यकीय शिक्षणाने फार उशीर केला. आधी मोजलं गेलं ते प्रत्यक्ष बोलणं. १९६८ साली बार्बरा कोर्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिसच्या बालरुग्णालयातल्या ८०० भेटींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यासाठी डॉक्टर आणि मुलांच्या आया यांच्यातलं बोलणं टेपवर घेतलं होतं. मनातली मोठी काळजी बोलून न दाखवताच घरी गेलेल्या आया त्यात कमी नव्हत्या. पुढे १९८४ मध्ये बेकमन आणि फ्रँकेल यांनी ७४ भेटी तपासल्या. डॉक्टरांनी रुग्णाचं बोलणं सरासरी १८ सेकंदांत तोडलं होतं आणि आपलं म्हणणं पुरं मांडता आलेले रुग्ण होते फक्त १७. शिकवण्याचा मार्गही तोवर सापडला होता. १९६३ साली हॉवर्ड बॅरोज या मेंदूविकारतज्ज्ञाने चित्रकारांसमोर बसणाऱ्या एका मॉडेलला रुग्णाची भूमिका शिकवून विद्यार्थ्यांपुढे बसवलं होतं. म्हणजे दोष कळला होता, उपायही हाताशी होता. विद्यार्थ्याचं मत मात्र कोणी विचारत नव्हतं, कारण विषय ऐच्छिक होता. ज्याला रस नाही तो यायचाच नाही.

१९९३ मध्ये ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने ‘टुमॉरोज डॉक्टर्स’ या शिफारशींत संवादकौशल्याला अभ्यासक्रमात पक्की जागा दिली आणि चित्र पालटलं. आता नावडत्या तासालाही बसणं भाग होतं. २००२ साली शार्लट रीस आणि सहकाऱ्यांनी नॉटिंगहॅममध्ये तयार केलेली वृत्तीमापन श्रेणी मला या सक्तीचंच अपत्य वाटते. तिच्यात २६ विधानं, निम्मी अनुकूल आणि निम्मी प्रतिकूल. प्रत्येकापुढे ‘मुळीच सहमत नाही’पासून ‘पूर्ण सहमत’पर्यंत पाच पर्याय; ही युक्ती रेन्सिस लिकर्ट यांची, १९३२ सालची. प्रतिकूल विधानं बारकाईने वाचण्यासारखी आहेत. असल्या तासांना यायचा कंटाळा येतो, वेळच नाही, आपल्याला तारून नेईल ती परीक्षा पास होण्याची हातोटी, हे विषय मानसशास्त्राच्या मुलांनी शिकावेत. यातला कंटाळा विद्यार्थ्याचा स्वतःचा असेलही. पण वेळापत्रक त्याने आखलेलं नसतं आणि परीक्षाही त्याने ठरवलेली नसते. म्हणून प्रतिकूल गुण जास्त आले तर त्यांचा मोठा वाटा कॉलेजच्या प्रगतिपुस्तकात लिहायला हवा, असं माझं मत आहे.

यावर पहिला आक्षेप असा की मुलं खरं लिहीत नाहीत. शिक्षकांना रुचेल तिथेच खूण करतात. आक्षेप खरा आहे, म्हणूनच मला प्रतिकूल उत्तरं अधिक बोलकी वाटतात. चांगलं दिसण्याचा मोह सोडून कोणी ‘वेळ नाही’ला होकार देत असेल, तर तो उगाच देत नसावा. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: वृत्ती म्हणजे वर्तन नव्हे. लिकर्टनंतर दोनच वर्षांनी रिचर्ड लापिएर यांनी हे दाखवून दिलं. एका चिनी दांपत्याला घेऊन ते अमेरिकेत २५१ हॉटेलं, लॉज आणि खाणावळींत गेले. नकार मिळाला एकदाच. नंतर पत्राने विचारल्यावर उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणांनी चिनी गिऱ्हाईक घेणार नाही असं कळवलं. तेव्हा या श्रेणीवरून उद्याचा डॉक्टर कसा बोलेल याचं भाकीत करू नये, हे मान्यच. पण शिकवणं कुठे अडतंय एवढं कळण्यापुरती ती पुरेशी आहे. अँटवर्पच्या विद्यार्थ्यांवरचा २०११ सालचा अभ्यास इथे उपयोगी पडतो. संवादाचं प्रशिक्षण घेतलेल्या तुकडीचीच रुग्णाभिमुख वृत्ती वॉर्डातल्या कामाच्या काळात घसरलेली दिसली. वर्गात शिकलेलं आणि वॉर्डात पाहिलेलं जुळत नसावं, हे मला यामागचं सर्वांत संभाव्य कारण वाटतं. अर्थात एका विद्यापीठाच्या निष्कर्षाला किती ताणायचं, यालाही मर्यादा आहे.

भारतात ही सक्ती २०१९च्या तुकडीपासून आली. नव्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमूल्यं आणि संवाद यांचा ‘एटकॉम’ हा वेगळा भाग आला, सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषेचीही सोय झाली. महाराष्ट्रातल्या सरकारी कॉलेजांत १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्याच्या असल्याने ती सोय चैनीची नाही. ‘पोटात कळ येते’ आणि ‘पोटात गोळा येतो’ यांतला फरक ओपीडीत केसपेपर लिहितानाच कळावा लागतो. अशा कॉलेजात ही श्रेणी वापरायची तर पहिल्या वर्षी एकदा वाटून भागणार नाही. तीच विधानं इंटर्नशिप संपताना पुन्हा द्यावीत, आणि नावं न विचारता रेसिडेंट व प्राध्यापकांनाही भरायला लावावीत.