गारव्याचा मान

माणसाला थंड वाटावं म्हणून एअरकंडिशनरचा जन्म झाला, अशी आपली एक भाबडी समजूत असते. तो झाला कागदासाठी. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात रंगीत छपाईचा खेळखंडोबा चालला होता. दमट हवेत कागद फुगे, कोरड्या हवेत आक्रसे, आणि एकावर एक चढवायचे रंग आपापली जागा सोडून भलतीकडेच बसत. काल छापलेल्या बाईच्या ओठांचा लाल रंग आज तिच्या हनुवटीवर! विलिस कॅरियर नावाच्या पंचविशीतल्या इंजिनिअरने थंड नळ्यांवरून हवा फिरवून तिच्यातला दमटपणा काढून घेण्याची योजना आखली. तिथल्या कामगारांना गार वाटलं असेल तर ते कागदाच्या पुण्याईने. या छापखान्यात ‘जज’ नावाचं एक विनोदी साप्ताहिक छापलं जाई म्हणे. विनोदी लेखनाची अशी बडदास्त त्यानंतर कुणी ठेवल्याचं ऐकिवात नाही.

घरात हे यंत्र शिरलं तेही मोठ्या थाटाने. अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये चार्ल्स गेट्स या धनिकाने वाडा बांधायला काढला. (वडिलांनी काटेरी तारेत पैसा केलेला. दुसऱ्याला कुंपणाबाहेर ठेवण्याच्या धंद्याला मरण नाही.) १९१४ च्या सुमारास त्या वाड्यात बसवलेलं यंत्र सात फूट उंच, सहा फूट रुंद आणि वीस फूट लांब होतं. म्हणजे आपल्याकडे ज्याला ‘वन रूम किचन’ म्हणतात, त्यातली रूम. बिचारे गेट्स १९१३ मध्येच वारले. त्या गारव्यात एक डुलकी काढणंही त्यांच्या नशिबी नव्हतं.

एवढं यंत्र तळघरात ठेवायचं आणि पत्र्याच्या बोगद्यांतून घरभर हवा खेळवायची, ही झाली अमेरिकन तऱ्हा. तिथे ‘कुठली खोली?’ हा प्रश्नच उद्भवत नाही. तो उद्भवला जपानात. तिथलं जुनं घर म्हणजे लाकडाचे खांब आणि कागदाची सरकती दारं. चौदाव्या शतकात केन्को नावाच्या एका भिक्षूने लिहून ठेवलंय की घर बांधताना उन्हाळ्याचा विचार करावा, हिवाळा काय, माणूस कुठेही काढतो. त्याचं म्हणणं जपानी लोकांनी इतकं मनावर घेतलं, की वारा एका दाराने येई आणि दुसऱ्याने निघून जाई. अशा घरात बोगदे कुठून न्यायचे आणि गारवा कोंडायचा कशात? मग एकच खोली निवडायची, तेवढीच बंद करायची आणि तिथेच यंत्र लावायचं. १९६१ साली तोशिबाने यंत्राचे दोन तुकडे केले. घरघरणारा भाग बाहेर आणि गार हवा सोडणारा आत. सुखी संसाराचंही हेच तत्त्व असावं. पुढे १९६८ मध्ये मित्सुबिशीने लाटण्यासारखा लांबोळका पंखा घालून आतला भाग भिंतीवर चढवला. आज पडद्याच्या दांडीवर बसलेली ती पांढरी लांबट पेटी तिथूनच आली. नाव ठेवलं ‘किरिगामिने’, हे तिथल्या एका थंड हवेच्या पठाराचं नाव. आपण ‘महाबळेश्वर’ ठेवलं असतं.

मला खरी गंमत वाटते ती त्यांच्या मापाची. जपानी दुकानदार यंत्राची ताकद चटयांत सांगतो. चटई म्हणजे साधारण सहा फूट बाय तीन फूट, एका माणसाची पथारी. सव्वादोन किलोवॅटच्या आसपासचं छोटं यंत्र लाकडी घरात सहा चटयांच्या खोलीला पुरतं, काँक्रीटच्या घरात नऊ चटयांच्या. आपल्याकडे मात्र ‘टन’. हे टन वजनाचे नव्हेत, बर्फाचे. अमेरिकन टनभर, म्हणजे नऊशे किलोंच्या आसपास बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी शोषणारं यंत्र ते एक टनी. १८३० च्या दशकात बोस्टनकडच्या तळ्यांतला बर्फ भुशात गुंडाळून जहाजाने मुंबईला येई. त्या बर्फाचं भूत अजून आपल्या दुकानांत मापाला बसलेलं आहे.

आता चटया मोजा नाहीतर टन, आपल्या घरात खोली ठरते ती मानावरून. पहिला मान हॉलचा, कारण तिथे पाहुणे येतात. (मे महिन्यात दुपारी दोन वाजता कोण पाहुणा येतो, हे कुणी विचारत नाही.) दुसरा मान कमावत्या मुलाच्या बेडरूमचा, त्याला सकाळी ऑफिस असतं. तिसरा दहावीतल्या नातवाचा. आजीला विचारलं तर ती म्हणते, “मला मेलीला कशाला? मला पंखासुद्धा सोसत नाही.” आणि घरातले सगळे तिचा शब्द एरवी मानत नाहीत, तो एवढ्यापुरता तत्परतेने मानतात.

वास्तविक विचारायला हवं ते उन्हाला. पश्चिमेची भिंत कुठल्या खोलीची? डोक्यावर गच्ची आहे का? गच्चीचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ते खाली सोडतो, तेव्हा वरच्या मजल्यावर सूर्य मावळतो तो फक्त पंचांगात. २००३ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये उन्हाच्या लाटेने सुमारे पंधरा हजार माणसं गेली. त्यांत बहुतेक म्हातारी. नंतर चौकशी झाली तेव्हा जी कारणं सापडली, त्यांत एक होतं थेट छपराखालची झोपायची खोली. ‘मला सोसत नाही’ म्हणणारं म्हातारं शरीर उष्मा तर त्याहूनही कमी सोसतं. त्याला तहान उशिरा लागते आणि घामही कमी येतो.

आमच्या इमारतीत शेवटच्या मजल्यावरच्या एका कुटुंबात यावरून तीन रविवार परिषद भरली. हॉल बाद झाला, कारण त्याला दारच नव्हतं, नुसती कमान. स्वयंपाकघराची सूचना सूनबाईंनी मांडली आणि ती मला सर्वांत न्याय्य वाटली. पण मेकॅनिक म्हणाला, “वहिनी, फोडणीच्या तेलकट वाफेने जाळी महिन्यात चोंदेल. आणि तुमचा एक्झॉस्ट सगळी गार हवा बाहेर फेकेल.” त्याचंही खरंच होतं. शेवटी यंत्र गेलं आजींच्या दहा बाय नऊच्या खोलीत. पश्चिमेची भिंत, दार नीट लागणारं, बाहेरचा डबा ठेवायला लगेच सज्जा. अंगावर झोत नको म्हणून पेटी पायथ्याच्या भिंतीवर, पाण्याच्या नळीला बाहेरच्या बाजूला उतार, आणि काटा सव्वीसवर. आजी पंधरा दिवस शाल पांघरून निषेध नोंदवत बसल्या होत्या.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी रात्री काही निरोप द्यायला गेलो, तर सगळ्या घरात अंधार आणि आजींच्या खोलीत संसार. पलंगावर आजी, खाली मुलगा, सून, दहावीतला नातू, त्याची बहीण आणि नागपूरहून आलेला एक मावसभाऊ. सहा पथाऱ्या. जपानी दुकानदाराने बरोबर मोजल्या असत्या. दुपारी भाजी निवडणं, शेंगा सोलणं, कणीक मळणं हेही आता तिथेच चालतं म्हणे. पोळ्या मात्र अजून ओट्यापाशीच होतात.