अग्निशमन प्रशिक्षणाची वाटचाल : मुंबई ते नागपूर

मुंबईत आग विझवणे हा आरंभी स्वतंत्र पेशा नव्हता. १८०३ च्या आगीत कोटातल्या वस्तीचा मोठा भाग भस्मसात झाला, तरी संघटित बंबखाते उभे राहायला अर्धशतक जावे लागले. १८५५ मध्ये हे काम पोलिसांकडे आले. नेहमीचा बंदोबस्त सांभाळून ते घोड्यांच्या बंबासह आगीवर धावत. १८८८ च्या महापालिका कायद्याने ही जबाबदारी महापालिकेची ठरली आणि १८९० मध्ये लंडनच्या दलातले डब्ल्यू. निकोल्स प्रमुख म्हणून आले. शिक्षण मात्र केंद्रावरच होई. होज टाकणे, शिडी लावणे, दोराच्या गाठी मारणे या गोष्टी नवा जवान कवायतीत आणि जुन्या जवानांच्या हाताखाली शिकत असे.

या पद्धतीची मर्यादा १४ एप्रिल १९४४ रोजी उघड झाली. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर कापूस आणि सुमारे १,४०० टन स्फोटके एकत्र भरलेली होती. कापसाला लागलेली आग विझेना, आणि अखेर दोन प्रचंड स्फोट झाले. मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जण कामावर असताना मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. धाडसाला पदार्थांच्या ज्ञानाची जोड नसेल, तर ते पुरे पडत नाही, हे या दुर्घटनेने दाखवले.

स्वातंत्र्यानंतर प्रत्येक शहराचे दल आपापल्या रीतीने चाले. साधने, हुद्दे आणि शिक्षण यांत मेळ नव्हता. तो घालण्यासाठी केंद्रीय गृह मंत्रालयाने १९५६ मध्ये उत्तर प्रदेशातील रामपूर येथे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय सुरू केले. पुढच्याच वर्षी ते नागपूरला हलले. त्याच वर्षी नागपुरात आपत्कालीन मदतकार्याचे प्रशिक्षण देणारी केंद्रीय संस्थाही स्थापन झाली. ती पुढे राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय म्हणून ओळखली गेली. अशा रीतीने आग आणि आपत्ती या दोन्हींच्या शिक्षणाचे केंद्र नागपूर बनले.

नागपूरच्या महाविद्यालयात सब-ऑफिसर, स्टेशन ऑफिसर आणि डिव्हिजनल ऑफिसर अशा पायऱ्यांचे अभ्यासक्रम आखले गेले. पुढे अग्निशमन अभियांत्रिकीची पदवीही आली. ज्वलनाचे रसायनशास्त्र, पाण्याचा दाब व प्रवाह, इमारतींची रचना आणि धोकादायक पदार्थ हे विषय मैदानावरच्या सरावाबरोबर शिकवले जाऊ लागले. २००२ मध्ये हर्षिनी कान्हेकर यांना येथे प्रवेश मिळाला. त्या या महाविद्यालयातल्या पहिल्या विद्यार्थिनी ठरल्या.

महाराष्ट्रात जवानांचे प्राथमिक शिक्षण मुंबईत सांताक्रूझच्या विद्यानगरीतील राज्य अग्निशमन अकादमी देते. दहावी उत्तीर्ण आणि शारीरिक निकषांत बसणारा उमेदवार येथे सहा महिन्यांचा अग्निशामक अभ्यासक्रम करू शकतो. २००६ च्या राज्य कायद्याने इमारतींतील आग प्रतिबंधक उपाय बंधनकारक केल्यामुळे तपासणी आणि नियमांचे ज्ञानही या पेशाच्या तयारीचा भाग झाले आहे.