आधी पोहोचणारे

नाशिकला पाऊस लागला की गोदावरीची पातळी फुटांत किंवा मीटरमध्ये कुणी विचारत नाही. विचारतात ते एवढंच, की दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं? गुडघ्यापर्यंत म्हणजे काळजी नाही, कमरेला लागलं की काठावरचे टपरीवाले सामान हलवतात, छातीला लागलं की सराफ बाजारात धावपळ, आणि मारुती बुडाला की तो महापूर. त्याच्याही आधी नारोशंकराच्या देवळातली घंटा हे माप होतं. देऊळ १७४७ चं. घंटा पोर्तुगीज घडणीची, वसईच्या विजयानंतर इकडे आलेली. पाणी घंटेला लागलं तर गाव गेलं, अशी समजूत. ही मापं भाबडी वाटतील. पण संकटाची खबर ज्याला सर्वांत आधी लागते त्याला ती कोणत्या भाषेत लागते, हे त्यांतून कळतं, आणि नाशिकच्या मदतपथकांचा इतिहास समजून घ्यायचा तर सुरुवात या भाषेपासूनच करावी लागते. एरवी हा इतिहास गाड्यांचा म्हणून सांगितला जातो: आधी काहीच नव्हतं, मग रेडक्रॉस आली, मग अग्निशमन दलाचे बंब, मग १०८ ची रुग्णवाहिका. मला ही मांडणी अर्धी वाटते. माणूस वाचवण्यात दोन वेगळी कामं असतात, एक पोहोचणं आणि दुसरं नेणं. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत संस्थांनी आणि सरकारनं नेण्याचं काम बऱ्यापैकी हाती घेतलं. पोहोचण्याचं काम मात्र तेव्हाही शेजारच्या माणसाचं होतं आणि आजही त्याचंच आहे.

नेण्याचं सर्वांत जुनं साधन झोळी. एक बांबू, एक चादर किंवा घोंगडी, आणि चार खांदे. सप्तशृंगगडावर म्हाताऱ्याकोताऱ्यांना वर नेणारी डोली हे तिचंच जरा सजलेलं रूप. हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेनं जखमी उचलायला हीच डोली घेतली, आणि तिचं नाव थेट इंग्रजी शब्दकोशात जाऊन बसलं. १८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात गांधींनी सुमारे अकराशे हिंदी माणसांचं पथक उभं केलं तेही जखमींना खांद्यावरून मैलोन्‌मैल वाहून नेण्यासाठीच. 'अँब्युलन्स' या फ्रेंच मुळाच्या शब्दातही आधी चालण्याचाच अर्थ होता, चाकं नंतर आली. रुग्णवाहिका हा आपला शब्द मात्र वाहून नेण्यावर थांबतो, त्यात चालणं नाही. आणि पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरी या तालुक्यांतल्या काही पाड्यांवर पावसाळ्यात बाळंतिणीला किंवा सर्पदंश झालेल्याला झोळीतून डांबरी रस्त्यापर्यंत आणावं लागतं, तिथून पुढे गाडी. वर्तमानपत्रं दरवर्षी ही बातमी लाजेची म्हणून छापतात, आणि ती लाजेची आहेच. पण इतिहासाच्या दृष्टीनं तिच्यात दुसरंही काही दिसतं. गाडीचा प्रवास जिथे सुरू होतो तिथवरचा प्रवास कोणत्याही खात्याच्या नोंदवहीत नसतो, आणि बहुतेक वेळा जीव राहायचा की जायचा ते त्या टप्प्यातच ठरतं.

गणवेशातला स्वयंसेवक या चित्रात आला तो रुग्णालयातून नव्हे, जत्रेतून. १९०५ मध्ये गोखल्यांनी पुण्यात भारत सेवक समाज काढला, १९११ मध्ये ना. म. जोशींनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग. १९१५ च्या हरिद्वारच्या कुंभमेळ्यात भारत सेवक समाजानं स्वयंसेवकांची मोठी तुकडी पाठवली. प्रमुख हृदयनाथ कुंझरू, वैद्यकीय बाजू डॉ. देवांकडे, आणि गांधींची फिनिक्सची मंडळी मदतीला. चुकलेलं माणूस सापडवणं, पटकीचा रोगी वेगळा काढणं, संडासांवर माती टाकणं अशी कामं. या पथकांच्या रूपानं देशाला एक नवा नमुना मिळाला: सैन्य नाही, पोलीस नाही, पण शिस्त आहे. नाशिक हे सिंहस्थाचं गाव असल्यामुळे हा नमुना इथे रुजणं साहजिक होतं. गर्दीला वाट करून देण्याची विद्या तर इथे त्याहून जुनी. १७८९ च्या सिंहस्थात शैव आणि वैष्णव साधूंमध्ये रक्तपात झाला, आणि त्यानंतर शैवांनी त्र्यंबकला कुशावर्तावर नि वैष्णवांनी नाशकात रामकुंडावर स्नान करायचं अशी विभागणी ठरली, असं परंपरा सांगते. भांडण मिटवण्याचा तोडगा म्हणून हे सांगितलं जातं. मला त्यात गर्दीचे दोन भाग करून जीव वाचवण्याची व्यवस्थाही दिसते, भले ती ठरवणाऱ्यांच्या मनात तसं नसेल.

पाण्याची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. नाशिककर गोदावरीला 'गंगा' म्हणतात, आणि गंगेला पूर आला की तो पाहायला अख्खं गाव काठावर जातं. या हौसेनं दर पुरात कुणीतरी पाय घसरून पडतं, आणि त्याला काढायला तिथलेच पट्टीचे पोहणारे उडी घेतात. रामकुंडाच्या परिसरात वाढलेली, पाण्यात टाकलेली नाणी बुडी मारून काढणारी पोरं हे आपल्या जीवरक्षकांचं खरं मूळ. हे म्हणणं काहींना हलकं वाटेल. पण कोणत्या कुंडाची पायरी कुठे संपते, कुठे भोवरा फिरतो, वाहून गेलेला माणूस कोणत्या पुलाखाली अडकतो, हे ज्ञान त्या बुड्यांतूनच आलं. १९६५ मध्ये गंगापूर धरण झालं तेव्हा पुराचा प्रश्न सुटला असं अनेकांनी धरलं असणार. चारच वर्षांनी, १९६९ मध्ये, आजही जुनी माणसं ज्याचं नाव काढतात तो महापूर आला. पुढे १९ सप्टेंबर २००८, २ ऑगस्ट २०१६, ४ ऑगस्ट २०१९. धरणानं एक मोठा फरक केला हे खरं: पुराला आता पूर्वसूचना असते. इतके क्युसेक विसर्ग सोडला, इतक्या तासांत होळकर पुलाखाली इतकं पाणी. पण क्युसेकचा आकडा नदीचा असतो, गल्लीचा नसतो. धरणाच्या खाली पडणारा पाऊस, नासर्डी, वाघाडी, सराफ बाजाराच्या पोटातून येणारा सरस्वती नाला, यांचं पाणी कुणाची परवानगी घेऊन सुटत नाही. भांडी बाजारातलं कोणतं दुकान आधी बुडतं हे तिथल्या हमालाला जेवढं अचूक ठाऊक असतं तेवढं कोणत्याही नियंत्रण कक्षाला नसतं.

हेच गर्दीबाबत २७ ऑगस्ट २००३ ला दिसलं, आणि फार महाग पडून दिसलं. सिंहस्थाच्या शाही स्नानाच्या दिवशी साधूंच्या मिरवणुकीसाठी भाविकांना अडवून धरलं होतं. काळाराम मंदिराकडून सरदार चौकावरून रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद वाटेवर दाब वाढला, अडसर तुटले आणि ३९ माणसं चेंगरून मेली. पोलीस होते, स्वयंसेवक होते, रुग्णवाहिकाही होत्या. कमी पडली ती उताराची समज. नकाशावर ती वाट एक रेघ असते. पंचवटीत राहणाऱ्याला ती पायांनी माहीत असते: कुठे उतार धरतो, कुठे भिंत आत येते, कुठे माणूस थांबू म्हणाला तरी मागचा लोंढा त्याला थांबू देत नाही. २०१५ च्या सिंहस्थात नवे घाट बांधले गेले, वाहनं शहराबाहेर अडवली, भाविकांना दूरवरून चालायला लावलं. पहिल्या पर्वणीला बंदोबस्त इतका कडक होता की गर्दी अपेक्षेपेक्षा कमी झाली आणि व्यापाऱ्यांनी नाराजी बोलून दाखवली. चेंगराचेंगरी मात्र झाली नाही. म्हणजे शासन शिकलं. हे मोकळेपणानं मान्य केलं पाहिजे, कारण स्वयंसेवकांचं कौतुक करताना सरकारी यंत्रणेला नालायक ठरवण्याची आपल्याकडे सवय आहे, आणि ती आळशी सवय आहे.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. आता व्यवस्था उभी आहे, मग हौशी पथकं कशाला? यादी खरंच लांब आहे. डिसेंबर १९४६ मध्ये मुंबई प्रांतात होमगार्ड संघटना स्थापन झाली. १९६८ मध्ये नागरी संरक्षणाचा कायदा आला. ओझरचा विमान कारखाना, नोटांचा छापखाना, देवळालीचा तोफखाना यांमुळे नागरी संरक्षणाच्या शहरांच्या यादीत नाशिकचं नाव असणं स्वाभाविकच होतं. २००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. २०१४ मध्ये १०८ ची सेवा ९३७ गाड्यांसह राज्यभर सुरू झाली, आणि प्रत्येक गाडीत डॉक्टर ही तिची मोठी भर. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या धुळ्यात आणि नागपुरात आहेत. राष्ट्रीय दलाचा तळ पुणे जिल्ह्यात सुदुंबरेला. आता अंतर मोजा. धुळ्याहून नाशिक सुमारे दीडशे किलोमीटर. २८ जानेवारी २०२० ला मालेगाव-देवळा रस्त्यावर मेशीजवळ एसटी बस आणि रिक्षा धडकून दोन्ही विहिरीत कोसळल्या, पंचवीसहून अधिक माणसं गेली. जी वाचली त्यांच्यासाठी पहिला दोर टाकणारे हात आसपासच्या शेतांतलेच होते. त्याआधी जानेवारी २००८ मध्ये सप्तशृंगगडाच्या घाटात भाविकांची बस दरीत गेली आणि चाळीसहून अधिक माणसं मेली, तेव्हा दरीत उतरायची वाट गडाच्या आसपासच्या माणसांनाच ठाऊक होती. यात दलांचा दोष नाही. विहिरीत पडलेला माणूस मिनिटांवर जगतो, आणि मिनिटांत फक्त शेजारी पोहोचतो.

दुसरा आक्षेप डॉक्टरांचा: शेजारी पोहोचतो, पण नुकसान करतो. मणका मोडलेल्याला हातापायाला धरून रिक्षात कोंबतात, बुडालेल्याला उलटं टांगून पाणी काढू पाहतात, बघ्यांची गर्दी वारा अडवते. हे सगळं खरं आहे. पण यातून निघतं ते एवढंच, की शेजाऱ्याला शिकवलं पाहिजे. त्याला दूर ठेवा असं निघत नाही. याचा पुरावा नाशिकच्या डोंगरांत आहे. हरिहरच्या कातळात खोदलेल्या उभ्या पायऱ्या, अलंग-मदन-कुलंगचे कडे, अंजनेरी, ब्रह्मगिरी, रामशेज. सुट्टीच्या दिवशी इथे लोटणाऱ्या गर्दीत कुणी अडकतं, कुणाचा पाय मोडतो, कुणावर आग्या मोहोळ उठतं. अशा वेळी वैनतेयसारख्या गिर्यारोहण संस्थांची मंडळी दोर, हार्नेस आणि स्ट्रेचर घेऊन निघतात. ती पगारी नाहीत, नोकऱ्या-धंदे सांभाळून हे करतात, आणि तरी त्यांचं तंत्र काटेकोर असतं, कारण गिर्यारोहणात चुकीची गाठ स्वतःलाच मारते. पण तीही एकटी पुरत नाहीत. निरगुडपाडा किंवा हर्षेवाडीचा माणूस पुढे चालतो तेव्हाच अंधारात कड्याच्या योग्य बाजूला पोहोचता येतं. हौशी आणि प्रशिक्षित हे दोन शब्द आपण विरुद्धार्थी समजतो ते या एका उदाहरणानं खोटं ठरतं.

तिसरा आक्षेप मात्र मला पूर्णपणे खोडता येत नाही. फुकट काम करणारे मिळतात म्हणून सरकार आपली जबाबदारी टाळतं, आणि काठावरचा पोहणारा जीव धोक्यात घालतो तेव्हा त्याच्यामागे ना विमा असतो ना मानधनाची खात्री. मृतदेह काढण्याचं काम तर इतर कुणी करायला तयार नसतं म्हणून त्याच्याकडे येतं. सेवा हा शब्द इथे पडद्यासारखा वापरला जातो. झोळी वाहणाऱ्यालाही आपण दिलदार म्हणतो आणि रस्ता बांधायचं विसरतो. कायद्यानं एक बाजू थोडी सावरली आहे: २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला पोलिसी त्रासापासून संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक सूचनांना बळ दिलं, आणि २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीनं १३४-अ हे कलम आलं. 'आपदा मित्र' योजनेतून स्वयंसेवकांना प्रशिक्षण मिळू लागलं. पण कायदा मदत करणाऱ्याला शिक्षा होऊ नये एवढं पाहतो. तो बुडाला तर त्याच्या घराचं काय, हे त्या कलमात नाही. म्हणून माझं म्हणणं असं नाही की पथकं आहेत तर खातं नको. पोहोचणं हे काम आहे, चांगुलपणा नव्हे, हे एकदा मान्य केलं तर त्याचा मोबदला, विमा आणि नोंद या गोष्टी आपोआप चर्चेत येतात. आज त्या कृतज्ञतेच्या भाषणांत आणि शाल-नारळात विरून जातात.

नोंदीचा मुद्दा तर २०२७ च्या सिंहस्थाआधी फार निकडीचा आहे. मागच्या सिंहस्थांच्या तयारीत रामकुंड परिसरातल्या नदीच्या तळावर काँक्रीट ओतलं गेलं, आणि पिढ्यान्‌पिढ्या ओळखीची कुंडं त्याखाली गेली. पुढे पर्यावरणाचा आग्रह धरणाऱ्यांनी लढा दिला आणि ते काँक्रीट काढण्याचं काम सुरू झालं. नदीच्या दृष्टीनं हे चांगलंच. पण पोहणाऱ्यांच्या आताच्या पिढीनं ओळखला तो सपाट तळ. त्याखालचे झरे, पायऱ्या आणि खड्डे उघडे होतील तिथे त्यांच्या वडिलांचं ज्ञान पुन्हा लागेल, आणि ते कुठल्याच आराखड्यात उतरवलेलं नाही. काठावर जी म्हातारी माणसं अजून आहेत, त्यांना विचारून कुणी तो तळ कागदावर काढला तर काढला. नाही तर पहिल्या पावसाळ्यात त्याची खोली बुडी मारूनच मोजावी लागेल.