विहिरीतला दम, समुद्रातला श्वास

पुण्याला समुद्र नाही, पण बुडी मारायची हौस जुनी. पेठांतल्या नि आसपासच्या मळ्यांतल्या विहिरींत पिढ्यान्‌पिढ्या पोरं पोहायला शिकली. कमरेला पांगाऱ्याचा बिंडा नाहीतर वाळलेला भोपळा, काठावर दोर धरून उभा काका. तरंगता आलं की मुटका, मग सूर, आणि शेवटी तळाचा गाळ मुठीत आणून दाखवायचा. कुणाचा दम किती, ते तिथं ठरायचं. दम धरण्याला आपल्याकडे मान मोठा. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे यांनी, लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था काढली आणि उड्डियान, नौली या योगक्रिया करताना शरीरातला दाब किती बदलतो ते यंत्रावर मोजलं. छातीचा डॉक्टर म्हणून मला त्या कामाचा अभिमान आहे. ज्यावर नुसता विश्वास होता, ते त्यांनी मोजून पाहिलं.

दम धरायच्या अंगात मुरलेल्या त्याच सवयीची मला आज काळजी वाटते. १९४३ मध्ये फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्यां यांनी नवी झडप तयार केली. भोवतालच्या पाण्याचा जेवढा दाब, तेवढ्याच दाबाची हवा ती पाणबुड्याला पुरवते. स्कूबा, म्हणजे पाठीवर हवा घेऊन बुडी मारणं, घराघरांत पोचलं ते या झडपेमुळे. आता पुण्याहून रात्रीच्या गाडीनं निघालेली मंडळी सकाळी मालवण-तारकर्लीला पाठीवर नळकांडं बांधतात.

विहिरीत वरून घेतलेला एकच श्वास खाली जातो. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, छातीतली हवा निम्म्या जागेत दबते आणि वर आलं की होती तेवढी होते. नळकांड्यातून श्वास घेणाऱ्याची छाती मात्र त्याच खोलीवर पूर्ण भरलेली असते. तिथून तो दम धरून वर आला, तर ती हवा दुपटीनं फुगू पाहते. वायुकोश फाटतात. हवा छातीच्या पोकळीत शिरते, नाहीतर रक्तावाटे मेंदूत जाते. हे पोहण्याच्या तलावातसुद्धा होऊ शकतं, कारण पृष्ठभागाजवळच्या थोड्या मीटरांतच हवा सर्वांत झपाट्यानं पसरते. आणि घाबरलेला माणूस पाण्यात काय करतो? लहानपणी शिकलेलं तेच: दम धरतो.

दम्याच्या रुग्णाला धोका आणखी. नळकांड्यातली हवा कोरडी आणि गार, खोलवर दाटही होते. श्वासनळ्या आवळल्या की मागे हवा अडकते, आणि वर येताना तीच फुगते.

म्हणून सांगतो. दमा असेल, फुप्फुस कधी आपोआप फाटलं असेल, छातीचं ऑपरेशन झालं असेल, तर बुकिंगच्या आधी छातीच्या डॉक्टरांना भेटा. सहल हुकेल म्हणून फॉर्मवर ‘नाही’ लिहू नका. आणि पाण्याखाली काहीही झालं तरी श्वास चालू ठेवा.