१८ एप्रिल : ‘वाहू सॅम’चा जन्म
१८८० : अमेरिकी बेसबॉलपटू सॅम क्रॉफर्ड यांचा नेब्रास्कातील वाहू गावी जन्म. आधी न्हाव्याच्या दुकानात उमेदवारी, मग मोठ्या लीगचे मैदान. त्यांचे नाव झाले ते ट्रिपलमुळे. एकाच फटक्यावर धावत तिसरा बेस गाठणे म्हणजे ट्रिपल. त्याला नुसते मनगट पुरत नाही, पायही लागतात. शिवाय तेव्हाची मैदाने ऐसपैस, चेंडू कुंपणाकडे दूर जाई. क्रॉफर्ड सहा हंगामांत ट्रिपलच्या संख्येत लीगमध्ये अव्वल ठरले. १९१४ मध्ये डेट्रॉइट टायगर्सकडून २६ ट्रिपल. कारकिर्दीतला त्यांचा ३०९ ट्रिपलचा विक्रम आजही अबाधित. एका हंगामाचा विक्रम मात्र पिट्सबर्गच्या ओवेन विल्सन यांचा, १९१२ मधले ३६. गंमत म्हणजे, इतर कुठल्याच हंगामात विल्सन १४ च्या पुढे गेले नाहीत!